उपकरणाच्या बॉडीला हात लावला की वारंवार झिणझिण्या येतात: टच करंट मर्यादेत आहे की खरा बिघाड आहे, हे कसं ठरवायचं

तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यात येते. लॅपटॉप चार्जिंगला लावला की धातूच्या कडेवर टेकलेल्या मनगटाला बारीक झिणझिण्या येतात. टेस्टर टेकवला तर पेटतो. मल्टिमीटर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवतो. चार्जर बदलला, चार दिवस बरं गेलं, पुन्हा सुरू. दुरुस्तीला नेलं की तिथे मात्र काहीच होत नाही आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परत मिळतो.

या तक्रारीतला खरा धागा शेवटच्या वाक्यात आहे. दुरुस्तीच्या टेबलावर अर्थिंग चांगलं असतं, म्हणून तिथे झिणझिण्या नसतात. उपकरण तेच, चार्जर तोच, फक्त सॉकेट वेगळं. तरीही लोक चार्जरवर चार्जर बदलत राहतात, आणि ज्या बोर्डात तो खोचलाय त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट. हात झटक्याने मागे खेचला जात असेल, बोटं आखडत असतील, किंवा हे गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, नळ अशा ओल्या जागी होत असेल, तर मोजमाप करत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. खाली लिहिलंय ते कोरड्या जागेतल्या, बारीक, कंटाळवाण्या झिणझिण्यांबद्दल. धातूला शिवल्यावर अंगातून जाणाऱ्या या प्रवाहाला टच करंट म्हणतात. मोजमापाचा भागही ज्यांना मेन्सवर, म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर, काम करायचं शिक्षण आणि सवय आहे त्यांनीच करावा.

हा करंट येतो कुठून

आजचा जवळपास प्रत्येक चार्जर आणि पॉवर सप्लाय आत हजारो-लाखो वेळा सेकंदाला स्विच होतो. त्या स्विचिंगचा गोंगाट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून पलीकडे, आउटपुटच्या बाजूला झिरपतो. त्याला परत आपल्या मूळ जागी जायला जवळची वाट मिळाली नाही, तर तो केबलवाटे बाहेर पडतो, रेडिओत खरखर करतो, टचस्क्रीनवर न केलेले स्पर्श उमटवतो. ही वाट म्हणून मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये, किंवा मेन्स आणि अर्थ यांच्यामध्ये, एक छोटा कपॅसिटर टाकतात. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. बहुतेक वेळा तो निळी चकती असतो आणि अंगावर ‘वाय १’ किंवा ‘वाय २’ छापलेलं असतं.

उच्च फ्रिक्वेन्सीला वाट देणारा कपॅसिटर ५० हर्ट्झलाही थोडी वाट देतोच. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्टवर थेट असेल तर त्यातून जाणारा प्रवाह ०.१६ मिलिअँपियर भरतो. चार्जरमध्ये तो रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) पलीकडे बसलेला असेल तर त्याच्या वाट्याला साधारण निम्माच व्होल्टेज येतो आणि आकडा आणखी उतरतो. ४.७ नॅनोफॅरड घेतला तर पूर्ण व्होल्टेजवर ०.३४ मिलिअँपियर. म्हणजे झिणझिण्यांचा उगम बहुतांश वेळा बिघाड नसून आराखड्यातच ठेवलेला, मोजून-मापून दिलेला प्रवाह असतो. प्रश्न एवढाच, की तुमच्या हातातून जाणारा प्रवाह त्या मापाइतकाच आहे, की मधल्या कशाने तरी तो वाढला आहे.

झिणझिण्या आणि बोटाला जाणवणारी नुसती खरखर यात फरक करायला शिका, पुढचं काम सोपं होतं. कोरडं बोट गुळगुळीत धातूवरून सरकवलं आणि पृष्ठभाग मखमलीसारखा किंवा बारीक कंप पावणारा वाटला, पण बोट थांबवताच तो भास गेला, तर तो विद्युत आकर्षणाचा परिणाम आहे. त्वचेचा कोरडा थर आणि धातू यांच्यात मेन्सच्या तालावर ओढ कमी-जास्त होते, घर्षण बदलतं आणि कंप जाणवतो. त्यात शरीरातून जाणारा प्रवाह फारच थोडा असतो. बोट स्थिर असतानाही टोचल्यासारखं होत असेल, विशेषतः मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा कोपराजवळ जिथे त्वचा पातळ आहे, तर प्रवाह खरोखर आत जातो आहे.

टेस्टर आणि मल्टिमीटर इथे फसवतात

निऑनचा टेस्टर पेटायला लागणारा प्रवाह माणसाला जाणवणाऱ्या प्रवाहापेक्षा खूप कमी असतो. तो त्यासाठीच तसा बनवलेला आहे, कारण तो प्रवाह तुमच्या बोटातून जातो. त्यामुळे ‘टेस्टर पेटला’ याचा अर्थ ‘इथे थोडा तरी व्होल्टेज आहे’ एवढाच. तो निरुपद्रवी गळती आणि जिवावर बेतणारा बिघाड यांत भेद करत नाही.

डिजिटल मल्टिमीटरचंही तेच. त्याचा इनपुट रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे दीड मेगाओहमसारखा वागतो. दीड मेगाओहममधून येणारा व्होल्टेज दहा मेगाओहमवर मोजला की जवळपास सगळाच दिसणार. माणसाचं शरीर मात्र दहा मेगाओहम नसतं.

म्हणून एक साधी चाचणी करा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक उपकरणाच्या उघड्या धातूला, दुसरं खात्रीच्या अर्थला. शंभर व्होल्ट दिसू द्या. आता मीटरच्या दोन टोकांना समांतर एक लाख ओहमचा, किमान एक वॉटचा रेझिस्टर जोडा, आणि त्या व्होल्टेजला चालेल असा तो निवडा. कपॅसिटरची गळती असेल तर आकडा धाडकन खाली येतो: दहा-वीस व्होल्ट, फार तर तीस-पस्तीस. आलेल्या व्होल्टला शंभराने भागलं की मिलिअँपियर मिळतात. १६ व्होल्ट म्हणजे ०.१६ मिलिअँपियर. आकडा हललाच नाही आणि दोनशेच्या आसपास बसून राहिला, तर आत फेज बॉडीला टेकला आहे. तिथेच थांबा, प्लग काढा, उपकरण बाजूला ठेवा.

ही पायरी मी कधीच गाळत नाही, कारण पुढची चाचणी दोन हजार ओहमची असते आणि खरा बिघाड असेल तर तिच्यातून ११५ मिलिअँपियर वाहतील. रेझिस्टर तर जळेलच, शिवाय धातूला हात लागलेला असेल तर माणूसही जाईल.

मानकं नेमकं काय मोजतात

टच करंट मोजायची पद्धत आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) या संस्थेच्या ६०९९० या मानकात दिली आहे. त्यात माणसाच्या जागी एक छोटं सर्किट धरलं आहे: १५०० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि या जोडीच्या पुढे ओळीत ५०० ओहम. १५०० ओहम आणि कपॅसिटर म्हणजे त्वचा, ५०० ओहम म्हणजे आतलं शरीर. मोजायचा तो ५०० ओहमवरचा व्होल्टेज. २५० मिलिव्होल्ट म्हणजे अर्धा मिलिअँपियर. तो मघाचा शंभर व्होल्टचा लॅपटॉप या सर्किटवर घेतला की दोन हजार ओहमच्या सबंध साखळीवर अर्धा व्होल्टही उरत नाही. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की ‘बॉडीवर शंभर व्होल्ट आहेत’ या वाक्याची भीती कायमची जाते.

या ५०० ओहमच्या पुढे आणखी एक गाळणी असते: दहा हजार ओहम आणि ०.०२२ मायक्रोफॅरड. ती उच्च फ्रिक्वेन्सीचं वजन कमी करते, कारण शरीराला ५० हर्ट्झचा करंट जितका बोचतो तितका ५० हजार हर्ट्झचा बोचत नाही. स्विचिंग सप्लायच्या गळतीत दोन्ही मिसळलेले असतात. गाळणी न लावता, उच्च फ्रिक्वेन्सीही पकडणाऱ्या रुंद बँडच्या मीटरने मोजलं तर आकडा उगाच फुगलेला येतो. साध्या मीटरने मोजलं तर तो मीटर स्वतः किती हजार हर्ट्झपर्यंत खरं बोलतो यावर सगळं अवलंबून राहतं. एकाच चार्जरचे दोन प्रयोगशाळांत दोन आकडे का आले, या भांडणाचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे.

आता मर्यादा. माहिती तंत्रज्ञान आणि ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांसाठी आयईसी ६२३६८-१ लागू होतं. त्यात सामान्य माणसाच्या हाताला लागू शकणाऱ्या भागासाठी कमी फ्रिक्वेन्सीला मर्यादा ०.५ मिलिअँपियर आहे, लहरीचं शिखर मोजलं तर ०.७०७. डीसीसाठी २ मिलिअँपियर. त्याच्या वरचा टप्पा ५ मिलिअँपियर एसीचा: तिथे दुखतं, दचकायला होतं, पण इजा अपेक्षित नाही. त्याआधीच्या ६०९५०-१ मध्ये अर्थ नसलेल्या, दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणाला ०.२५ मिलिअँपियर आणि अर्थ असलेल्या बऱ्याचशा उपकरणांना ३.५ मिलिअँपियर अशी विभागणी होती. घरगुती उपकरणांच्या ६०३३५-१ मध्ये दुहेरी इन्सुलेशनला शिखर ०.३५ मिलिअँपियर, अर्थ असलेल्या, हातात धरायच्या किंवा उचलून न्यायच्या उपकरणाला ०.७५, मोटरच्या स्थिर उपकरणाला ३.५. स्थिर हीटरला दर किलोवॉटमागे ०.७५, पण कमाल ५.

अर्धा मिलिअँपियर हाच आकडा का? कारण साधारण तिथे माणसाला एसी प्रवाह जाणवू लागतो. ही इजेची मर्यादा नाही, दचकण्याची आहे. शिडीवर उभा असलेला किंवा हातात उकळतं भांडं असलेला माणूस अर्ध्या मिलिअँपियरने मरत नाही, पण दचकून पडू शकतो, भाजू शकतो. हात सोडवता न येण्याची पातळी बरीच पुढे आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डाल्झिएल या विद्युत अभियंत्यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या मोजमापांतून ती समोर आली. प्रौढांसाठी १० मिलिअँपियरच्या आसपास, आणि लहान मुलांसह सगळ्यांना धरायचं तर ५. वरचा ५ चा टप्पा याच पातळीवर आहे.

जाणीव माणसागणिक बदलते. ओलसर हात, दाब, स्पर्शाचं क्षेत्रफळ, सगळ्याचा वाटा असतो. टोकदार कडेवर मनगट टेकलं तर ०.१ मिलिअँपियरही एखाद्याला टोचतो आणि पूर्ण तळवा ठेवणाऱ्याला ०.४ कळत नाही. म्हणून ‘मला जाणवतंय’ हे मर्यादा ओलांडल्याचं प्रमाण नाही. तसंच ‘मला काही जाणवत नाही’ हेही निर्धास्त राहायचं कारण नाही.

परत परत येणाऱ्या त्रासाचं मूळ: सुटलेला अर्थ

३.५ मिलिअँपियर हा आकडा पुन्हा वाचा. तो जाणिवेच्या सातपट आहे. तरी तो चालवून घेतला जात होता, कारण तीन पिनांच्या उपकरणाची गळती हाताऐवजी हिरव्या-पिवळ्या वायरने जाईल असं गृहीत होतं. मानक अर्थवर विसंबून आहे. अर्थ सुटला की तो सगळा प्रवाह पुढच्या स्पर्शाची वाट पाहत बॉडीवर उभा राहतो.

आणि तो एका उपकरणाचा राहत नाही. एका कार्यालयातला प्रसंग सांगतो. एका ओळीत सहा संगणक, सगळे एकाच लांब एक्स्टेंशन बोर्डवर. बसणाऱ्यांना कॅबिनेटला पाय लागला की चटका बसायचा. तीन वेळा पॉवर सप्लाय बदलून झाले होते. दर बदलानंतर काही दिवस शांतता, मग पुन्हा तेच. मी एकेक मशीन वेगळं करून मोजलं: प्रत्येकी ०.३१ ते ०.३३ मिलिअँपियर. निर्दोष. सगळी परत लावली आणि कुठल्याही एका कॅबिनेटवर मोजलं, तर ५०० ओहमवर ०.९६ व्होल्ट. म्हणजे १.९ मिलिअँपियर. मीटरवर मोकळा व्होल्टेज ११३, मेन्सच्या जवळजवळ नेमका निम्मा.

हा निम्मा आकडा ओळखून ठेवा. संगणकाच्या सप्लायमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन सारखे कपॅसिटर असतात. अर्थ सुटला की बॉडी त्यांच्या मधोमध लटकते.

बोर्डचा प्लग उघडला. अर्थची वायर जागेवर होती, स्क्रू घट्ट होता, वरवर पाहणाऱ्याला सगळं बरोबर. पण स्क्रूखाली तांबं नव्हतं, प्लास्टिकचं आवरण चिमटलं होतं. छिलताना आखूड छिललेली वायर. आवरणाच्या टोकातून दोन काळपट तारा बाहेर आल्या होत्या आणि त्यातली एक पितळी पिनला जेमतेम शिवत होती. बोर्ड कुणाच्या पायाने सरकला की ती तार टेकायची, झाडू लागला की सुटायची. पॉवर सप्लाय बदलायला बोर्ड हलवला जायचा, तार टेकायची, आणि बदललेल्या सप्लायला श्रेय मिळायचं. वायर एक सेंटिमीटर मागे छिलून परत बसवली. त्याच कॅबिनेटवर त्याच ५०० ओहमवर मीटर शून्यावर आलं.

सहाही मशीन मर्यादेत होती आणि तरी बेरीज मर्यादेच्या जवळपास चौपट. एकाच फेजवरची कपॅसिटरची गळती एका तालात असते, ती सरळ बेरजेत मिळते. मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर सिग्नलच्या केबलनेही एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे वेगवेगळ्या बोर्डांवर असूनही गळती एका ठिकाणी गोळा होऊ शकते. डिश किंवा केबलची तार टीव्हीला लावताना ठिणगी दिसते किंवा व्हिडिओचा पोर्ट वारंवार जळतो, त्यामागे बऱ्याच वेळा हीच गोळा झालेली गळती असते: तारेचं बाहेरचं आवरण कुठेतरी अर्थला आहे, आणि टीव्ही हवेत लटकलेला.

म्हणून शोधाचा क्रम माझ्या हातून असा होतो. आधी बॅटरीवर त्रास जातो का पाहतो. जात असेल तर उपकरण दुसऱ्या, खात्रीच्या सॉकेटवर, एकटं, बाकी सगळ्या केबल काढून लावतो. त्रास गेला तर दोष मागे राहिलेल्या सॉकेट-बोर्डात किंवा काढलेल्या केबलमध्ये आहे. मग केबल एकेक परत. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा ॲडॅप्टर लावलेला सापडला तर तिथेच उत्तर मिळतं. पुष्कळ लॅपटॉप चार्जरचं मॉडेल एकच असतं आणि भिंतीकडची वायर कधी तीन तारांची, कधी दोन तारांची मिळते. तीन तारांची वायर आणि खरा अर्थ, एवढ्याने बरेचसे झिणझिणणारे लॅपटॉप शांत झालेले मी पाहिले आहेत.

ज्या चार्जरला अर्थची पिनच नाही, लेबलवर चौकोनात चौकोन (दुहेरी इन्सुलेशनची खूण) आहे, त्याला अर्थ शोधू नका. तिथे आकडा मोजा. मर्यादेत असेल तर ते तसंच असणार. कडेला रबरी कव्हर लावा किंवा चार्जिंगवर असताना वेगळा कीबोर्ड वापरा.

हे उपाय करू नका

न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये एकत्र बांधणे. हा ‘उपाय’ झिणझिण्या लगेच थांबवतो, म्हणून तो पसरतो. पण मागे कुठेही न्यूट्रल तुटला की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक उपकरणाची बॉडी पूर्ण २३० व्होल्टला जाते, आणि त्यामागे कपॅसिटर नसतो, सबंध लोड असतो. झिणझिण्या घालवायला कुणी जीव घालवू नये. असं बांधलेलं दिसलं तर आजच सोडवून घ्या.

फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून अर्थ तपासणे. अर्थ शाबूत असेल तर बल्ब पेटतो, ठीक. तो तुटलेला असेल तर बल्बच्या तारेतून फेज त्या तुटक्या अर्थवर चढतो आणि शेजारच्या फ्रिजची, संगणकाची बॉडी जिवंत होते. ज्या घटकेला अर्थ नाही हे कळतं, त्याच घटकेला ते घातक असतं. अर्थचा लूप मोजायचं मीटर इलेक्ट्रिशियनकडे असतं, त्याने मोजून घ्या.

वाय कपॅसिटर उपटून टाकणे. झिणझिण्या जातात, आणि चार्जिंगवर टचस्क्रीन वेड्यासारखी वागायला लागते. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या जागी तसाच दिसणारा साधा चकती कपॅसिटर लावणे. दुरुस्त केलेला एक ॲडॅप्टर माझ्या टेबलावर आला होता: निळी चकती, अंगावर २२२ हा आकडा आणि १ केव्ही. वाय वर्गाची खूण कुठेच नाही. २.२ नॅनोफॅरड बरोबर, त्यामुळे टच करंटच्या चाचणीत तो आरामात पास झाला असता. पण वाय १ वर्गाचा कपॅसिटर मेन्सवरचे मोठे झटके सोसून शॉर्ट होऊ नये यासाठीच बनवलेला आणि तपासलेला असतो. साधी चकती शॉर्ट झाली की मेन्स थेट फोनच्या धातूवर. टच करंटचा आकडा आजची स्थिती सांगतो, तो सुटा भाग उद्या काय करेल हे सांगत नाही. दुरुस्त केलेला चार्जर उघडून हा छाप पाहणं मी मोजमापाइतकंच महत्त्वाचं मानतो.

ओलसरपणाने येणारी गळती

वरचं सगळं कपॅसिटरच्या गळतीबद्दल झालं, जी बारा महिने सारखी राहते. काही दिवस येते, काही दिवस जाते, दमट हवेत वाढते, अशी गळती असेल तर इन्सुलेशनकडे पाहा. भेद करायला ५०० व्होल्टचं इन्सुलेशन मीटर पुरतं. ते डीसी लावतं, कपॅसिटर डीसी अडवतो, म्हणून फक्त खरी झिरप दिसते. एसीवर ०.१६ मिलिअँपियर आणि डीसीवर शंभर मेगाओहमच्या वर असेल तर ती आराखड्यातली गळती. डीसीवर एका मेगाओहमच्या खाली आलं तर इन्सुलेशन गेलंय किंवा जातंय. २३० व्होल्टला एक मेगाओहम म्हणजे ०.२३ मिलिअँपियर इथूनच. मात्र सर्जपासून (अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजपासून) बचाव करणारा भाग मेन्स आणि अर्थमध्ये असेल तर तो ५०० व्होल्टला वाहू लागतो आणि खोटं भय दाखवतो. अशा वेळी २५० व्होल्टवर मोजा.

गीझर, इस्त्री, ओव्हन यांच्या नळीच्या आकाराच्या एलिमेंटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती हवेतला ओलावा शोषते. महिनाभर बंद पडलेला ओव्हन चालू करताच आरसीसीबी (गळती जाणवताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो, चार वेळा प्रयत्न केल्यावर चालतो, मग दोन महिने काही नाही. पहिल्या गरम होण्यात ओलावा उडून गेला. पण एलिमेंटच्या टोकाचं सील फाटलेलं असेल तर तो परत शोषणारच. तिथे एलिमेंट बदला. आरसीसीबी काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की ते यंत्र आपलं काम करत होतं.

आरसीसीबी वारंवार पडतो आणि कुठलंच उपकरण दोषी सापडत नाही, तेव्हा पुन्हा बेरीज करा. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी १५ पर्यंत पडायचा नाही, त्यानंतर कधीही पडू शकतो. म्हणून कायमची गळती त्याच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे ९ मिलिअँपियरच्या आत ठेवावी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र गळतीच्या क्लॅम्प मीटरच्या जबड्यात घ्या आणि उपकरणं एकेक बंद करत आकडा उतरताना पाहा. बेरीज मोठी निघाली तर सर्किट दोन आरसीसीबींत वाटा. दुरुस्त करायला तिथे काही नसतं.

उपकरण बनवणाऱ्यांसाठी: चाचणीत वारंवार नापास होतंय

हिशेब कागदावर जमतो आणि प्रयोगशाळेत जमत नाही, हे मुख्यतः तीन कारणांनी. एक, कागदावर २३० व्होल्ट धरलेले असतात. चाचणी रेटिंगच्या वरच्या टोकावर होते, घरगुती उपकरणांत तर मोटरच्या उपकरणाला १.०६ पट. २४० चं रेटिंग असेल तर २५४. दोन, कपॅसिटरची सूट, म्हणजे छापील आकड्यापासून चालवून घेतला जाणारा फरक. वीस टक्के जास्त निघालेला ४.७ चा कपॅसिटर ५.६ असतो. हे दोन एकत्र धरले की ०.३४ चे ०.४५ होतात, आणि ६० हर्ट्झच्या देशासाठी त्याच व्होल्टेजला ०.५४. मर्यादा ०.५ असेल तर गेलं. तीन, प्लग उलटा करून आणि स्विच बंद ठेवूनही मोजायचं असतं. एकाच तारेवरचा स्विच बंद असताना न्यूट्रल-फेज उलटे पडले की गळती कधी कधी चालू स्थितीपेक्षा जास्त येते.

वाय कपॅसिटर लहान केला की गोंगाटाच्या चाचणीत नापास, मोठा केला की टच करंटमध्ये नापास. ही ओढाताण कॉमन मोड चोक (दोन्ही तारांवरून एकत्र जाणारा गोंगाट अडवणारी कॉइल) सुधारून किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये शील्डची पट्टी टाकून सोडवावी लागते. प्लास्टिकच्या बॉडीवर मोजताना २० बाय १० सेंटिमीटरची धातूची फॉइल चिकटवतात, ती हाताच्या जागी असते.

याच्या उलट एक खोटा पास आहे, तो मी दोनदा पकडला आहे. उपकरण आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (आउटपुट मेन्सपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) लावलेलं आणि त्याचं आउटपुट मोकळं लटकतं. प्रवाहाला परत यायला वाटच नाही, मीटर शून्याजवळ. टच करंट मोजताना ट्रान्सफॉर्मर वापरला तर त्याच्या आउटपुटचं एक टोक अर्थला बांधलेलंच हवं. संशयास्पदरीत्या सुंदर आकडा आला की आधी ही जोडणी पाहा.

रुग्णाजवळ वापरायच्या यंत्रांना वरचे कुठलेच आकडे लागू नाहीत. आयईसी ६०६०१-१ मध्ये सामान्य स्थितीत टच करंट १०० मायक्रोअँपियर, म्हणजे ०.१ मिलिअँपियर. थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या भागातून रुग्णाकडे जाणारी गळती १० मायक्रोअँपियर. घरासाठी पूर्ण निर्दोष असलेला लॅपटॉप चार्जर तिथे नापास ठरू शकतो. रुग्णापासून दीड मीटरच्या आत तो आणू नका. आणावाच लागला तर वैद्यकीय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून चालवा.

दोष सापडला, वायर बसवली, की त्याच जागी, त्याच सर्किटने दोन आकडे घ्या: अर्थ जोडून आणि अर्थ मुद्दाम सोडून. दुसरा आकडा घेताना कुणाचा हात धातूला लागणार नाही हे पाहा. दोन्ही आकडे तारखेसह छोट्या लेबलवर लिहून उपकरणाच्या मागे चिकटवा. पुढच्या तपासणीत ०.३२ चे ०.३३ झाले असतील तर काही उघडू नका, तसंच वापरत राहा. ०.६ झाले असतील तर स्क्रू ड्रायव्हर काढा.